डॉक्टरांची साक्ष कशी नोंदवायची : ॲफिडेव्हिट, समक्ष, कमिशनर की व्हिडिओ?

परवा एक ताई आल्या होत्या. नवरा ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी गेला, ग्राहक आयोगात तक्रार दाखल आहे, आणि कितीतरी दारं ठोठावल्यावर एक रिटायर्ड सर्जन त्यांच्या बाजूने मत द्यायला तयार झालेत, पण त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं की लिहून हवं ते देतो, कोर्टाच्या बाकावर दिवस दिवस बसायला मला जमणार नाही. डॉक्टर कोर्टात उभेच राहिले नाहीत तर आपली केस लंगडी पडेल का, एवढंच त्या विचारत होत्या.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली करते, ग्राहक आयोग, मोटार अपघात न्यायाधिकरण आणि थोडं दिवाणी कोर्ट, त्यामुळे हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतोच. दर वेळी तेच अर्धा तास समजावण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते, ज्यांना ठरवायचंय त्यांनी निवांत वाचा आणि मग आपल्या वकिलांशी बोला.

आधी एक गैरसमज काढते. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत ते हमखास म्हणतात, मॅडम, तिकडे डॉक्टरांचं डिपॉझिशन घेतात, आपणही घेऊ. तिकडचं डिपॉझिशन म्हणजे खटल्याची सुनावणी सुरू व्हायच्या आधी, वकिलाच्या ऑफिसात, जज समोर नसताना, विरुद्ध बाजूच्या तज्ज्ञाला शपथेवर बसवून प्रश्न विचारायचे, शब्द न् शब्द टाइप होतो, बऱ्याचदा व्हिडिओ पण होतो, आणि फेडरल कोर्टाच्या नियमात त्याला एक दिवस, सात तास अशी मर्यादा आहे. त्यातून दोन्ही बाजूंना आपण किती पाण्यात आहोत ते आधीच कळतं. आपल्याकडे तशी सोय नाही. आपल्याकडे डिपॉझिशन म्हणजे पुराव्याच्या टप्प्यावर नोंदवलेली साक्षच, आणि समोरचा तज्ज्ञ काय म्हणणार हे त्याचं ॲफिडेव्हिट, म्हणजे शपथपत्र, हातात पडेपर्यंत कळत नाही. म्हणून अमेरिकेतले सल्ले वाचून इकडची तयारी करू नका, फार गोंधळ होतो.

आता आपल्याकडचे रस्ते. सुप्रीम कोर्टाने १९९५ साली व्ही. पी. शांता प्रकरणात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते असं सांगितलं तेव्हापासून एक वाद चालूच होता, की ग्राहक मंचात (आताच्या आयोगात) तर सगळं कागदावर चालतं, मग डॉक्टरांची उलटतपासणी, म्हणजे क्रॉस, कशी करायची, आणि ती करायची तर हे दिवाणी कोर्टातच पाठवा ना. २००२ च्या जे. जे. मर्चंट प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे म्हणणं फेटाळलं आणि रस्ते घालून दिले : पुरावा ॲफिडेव्हिटवर घ्या, क्रॉस करायचीय तर प्रश्न लेखी द्या आणि डॉक्टर उत्तरं ॲफिडेव्हिटवर देतील, मोठी रक्कम गुंतलीय आणि तरीही प्रत्यक्ष प्रश्न विचारायचेतच तर व्हिडिओ किंवा फोन कॉन्फरन्स घ्या पण सुरुवातीचा खर्च मागणाऱ्याने करायचा, नाहीतर कमिशनर, म्हणजे साक्ष नोंदवायला नेमलेला माणूस, पाठवून डॉक्टरांच्या कामाच्या जागी ठरलेल्या वेळी क्रॉस घ्या. आता २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, त्याच्या कलम ३८ मध्ये मुख्य रस्ता ॲफिडेव्हिटचाच आहे, आणि साक्षीदाराला समन्स काढायचे व कमिशन काढायचे, म्हणजे असा कमिशनर नेमायचे, अधिकार आयोगाला आहेत. म्हणजे ताईंच्या सर्जनने घातलेली अट कायद्याच्या बाहेरची अजिबात नाही.

ॲफिडेव्हिट आणि लेखी प्रश्नावली

सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपं आणि जिल्हा आयोगात सगळ्यात जास्त चालणारं. डॉक्टर आपलं मत लिहितात, नोटरीसमोर सही करतात, समोरची बाजू प्रश्नावली देते, डॉक्टर घरी बसून उत्तरं देतात. त्यांचा एक दिवसही मोडत नाही. तज्ज्ञ मिळणं हीच आपल्याकडे खरी मारामारी आहे, गावातला डॉक्टर गावातल्या डॉक्टरविरुद्ध बोलत नाही, दोनशे किलोमीटरवरून कुणीतरी तयार होतो, त्यामुळे त्याला त्रास न देणारा रस्ता हा मोठा फायदा आहे, आणि तो कमी लेखू नका.

पण यातली कमजोरी मी स्वतः भोगलीय. लेखी प्रश्नाला उत्तर द्यायला समोरच्या तज्ज्ञाकडे पंधरा दिवस असतात आणि शेजारी त्यांचे वकील असतात. एका केसमध्ये मी विचारलं होतं, रात्री दोन ते सकाळी सात या वेळात पेशंटचं बीपी किती वेळा घेतलं, आणि उत्तर आलं की "नोंदीनुसार पेशंटवर सातत्याने लक्ष ठेवण्यात आले होते". प्रश्नाचं उत्तर आलंच नाही आणि मला उलट प्रश्न टाकायला जागा उरली नाही. समोर उभे असते तर पुढच्याच वाक्यात विचारलं असतं की डॉक्टर, नर्सिंग चार्टचं हे पान बघा आणि आकडा सांगा.

तेव्हापासून प्रश्नावली वेगळी लिहायला लागले. एका प्रश्नात एकच गोष्ट. प्रत्येक प्रश्नात केस पेपरचा पान नंबर. "का" आणि "कसं" शक्यतो टाळायचं, "पान ४७ वर २.३० नंतर ६.५० पर्यंत बीपीची नोंद नाही, हे बरोबर का?" असं विचारायचं, म्हणजे हो किंवा नाही यापलीकडे पळायला वाट राहत नाही. आणि त्यासाठी आधी केस पेपर पूर्ण हातात हवेत, पेशंटने किंवा नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतच आहे, आणि ते सांभाळून ठेवायची मुदत तिथे तीनच वर्षं आहे, त्यामुळे तज्ज्ञ शोधायच्या आधी कागद मागा.

समक्ष साक्ष

दिवाणी दाव्यात आणि अपघात न्यायाधिकरणात लोकांना अजून हेच खरं वाटतं. २००२ च्या दुरुस्तीपासून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १८ रूल ४ प्रमाणे सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराने आपल्या बाजूने सांगायचं ते, ॲफिडेव्हिटवरच होते, म्हणजे साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो तो मुख्यतः क्रॉससाठी. फायदा एकच पण फार मोठा, जज स्वतः बघतात. अडखळलेला साक्षीदार, चार्ट हातात धरून दोन मिनिटं गप्प बसलेला साक्षीदार, हे कुठल्याही कागदावर येत नाही. आणि उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो.

तोटा सांगते, आणि हा प्रसंग मला अजून टोचतो. अपघाताची केस, टेम्पो चालवणारा माणूस, पायात रॉड, घोटा वळत नाही. ज्यांनी ऑपरेशन केलं ते ऑर्थो डॉक्टर स्वतःहून म्हणाले मी येतो. पहिल्या तारखेला जजसाहेब रजेवर. दुसऱ्या तारखेला विमा कंपनीच्या वकिलांनी मुदत मागितली. तिसऱ्या तारखेला डॉक्टर अकरापासून बसले, आमचा पुकारा साडेचारला झाला, क्रॉस सुरू झाली आणि राहिलेली पुढच्या तारखेवर गेली. त्या दिवशी त्यांची दोन ऑपरेशन्स पुढे ढकलली गेली होती, हे मला नंतर कळलं. चौथ्या तारखेला ते आले नाहीत, माझे फोनही घेतले नाहीत, आणि क्रॉस अपुरी राहिली म्हणून त्यांच्या साक्षीवर फारसं काही उभं राहिलं नाही. त्या माणसाला जे मिळालं ते मिळायला हवं होतं त्यापेक्षा कमी होतं. मी पहिल्याच तारखेनंतर कमिशनरचा अर्ज द्यायला हवा होता, तो दिला नाही, ही चूक माझी.

आणि ही अडचण कोर्टाला माहीत नाही असं नाही. राज कुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने न्यायाधिकरणांना सांगितलंय की डॉक्टर यायला टाळतात ते त्यांचा वेळ वाया जातो म्हणून, तेव्हा त्यांना ठरावीक वेळ द्या, हॉस्पिटलमध्येच कमिशनमार्फत साक्ष घ्या, आणि कागदावर वाद नसेल तर त्याला संमतीने निशाणी, म्हणजे पुराव्याचा नंबर, द्या. हा निकाल अर्जासोबत जोडा, उपयोग होतो.

अपघाताच्या केसमध्ये डॉक्टर नुसता टक्का सांगून गेले तर साक्ष वायाच जाते, हेही त्याच निकालात आहे. ४५ टक्के म्हणजे त्या पायाचे की पूर्ण शरीराचे, हे विचारायलाच हवं, कारण दोन आकडे वेगळे असतात. आणि मग त्या टक्क्याचा कमाईवर काय परिणाम. कोर्टानेच उदाहरण दिलंय, डावा हात गेला तर सुतार किंवा ड्रायव्हरची कमाई जवळपास सगळीच जाते, सरकारी ऑफिसातल्या क्लार्कची नोकरी मात्र टिकू शकते. डॉक्टरांनी शरीराबद्दल बोलायचं, कमाई किती बुडाली ते न्यायाधिकरण ठरवतं, पण पेशंट क्लच दाबू शकतो का, उकिडवा बसू शकतो का, पाय लोंबता ठेवून किती वेळ बसू शकतो, हे डॉक्टरांच्या तोंडून आलं तरच ठरवणाऱ्याच्या हातात काहीतरी असतं.

खर्चाचं विचाराल तर समन्ससोबत भत्ता भरावा लागतो, आणि तज्ज्ञ असेल तर त्याच्या वेळेचा आणि तज्ज्ञ म्हणून केलेल्या कामाचा वाजवी मोबदला कोर्ट मंजूर करू शकतं, ऑर्डर १६ रूल २ मध्ये तसं स्पष्ट आहे. अंतराचीही मर्यादा आहे, साक्षीदार कोर्टाच्या हद्दीबाहेर राहत असेल आणि अंतर १०० किलोमीटर किंवा त्याहून जास्त असेल, आणि रेल्वे-एसटीसारखी सोय बहुतेक रस्ताभर असल्यास ५०० किलोमीटर, तर त्याला समक्ष या असा हुकूम करता येत नाही. दोन ठिकाणांमध्ये विमानाची सोय असेल आणि साक्षीदाराचं विमानभाडं भरलं तर मात्र तसा हुकूम करता येतो.

कोर्ट कमिशनर

माझा आवडता रस्ता, निदान आपल्या बाजूच्या डॉक्टरसाठी तरी. कोर्ट एखाद्या वकिलाला कमिशनर नेमतं, डॉक्टरांच्या दवाखान्यात किंवा हॉस्पिटलच्या मीटिंग रूममध्ये, ओपीडी संपल्यावर, दोन्ही वकील जातात, टायपिस्ट असतो आणि तासा-दोन तासांत काम होतं. डॉक्टरांना चहाही त्यांच्याच केबिनमध्ये मिळतो आणि मनःस्थिती चांगली असते, हे मी अनेकदा पाहिलंय. प्रक्रिया संहितेत ऑर्डर २६ खाली आजारी साक्षीदार, हद्दीबाहेरचा साक्षीदार आणि न्यायाच्या हितासाठी हद्दीतल्याही साक्षीदारासाठी कमिशन काढता येतं, आणि ऑर्डर १८ खाली नेमलेल्या कमिशनरने ६० दिवसांत अहवाल द्यायचा असतो, तो कधी कधी लांबतो पण कोर्टाच्या तारखांपेक्षा बराच लवकर येतो.

कच्चा दुवा असा की कमिशनरला आक्षेपावर निर्णय देता येत नाही. तो आक्षेप लिहून घेतो, निर्णय कोर्ट युक्तिवादाच्या वेळी देतं. त्यामुळे समोरचे वकील रेटणारे असतील तर दोन तासांचं काम तीन बैठकांवर जातं, डॉक्टरांना कॉलेजच्या मार्कांपासून घरच्या भांडणांपर्यंत काहीही विचारलं जातं, आणि थांबवणारं कुणी नसतं. साक्षीदार कसा वागला यावर कमिशनर शेरा लिहू शकतो, पण फार थोडे लिहितात. फी कोर्ट ठरवतं, आणि ती बहुतेक वेळा मागणाऱ्यालाच भरावी लागते, गरीब पक्षकाराला ते जड जातं, तेव्हा अर्जातच फी कमी ठेवण्याची विनंती करावी.

व्हिडिओ

व्हिडिओवरची साक्ष हे कोविडमध्ये आलेलं फॅड आहे असं समजणारे अजून भेटतात. २००३ साली महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कच्या कॅन्सर तज्ज्ञाची साक्ष व्हिडिओवरून घ्यायला परवानगी दिली होती, ते डॉक्टर साक्ष द्यायला तयार होते पण भारतात यायला तयार नव्हते. केस फौजदारी होती, पण फौजदारीत चालतं तर दिवाणीत का नाही, हा युक्तिवाद तेव्हापासून सोपा झाला.

दूरचा डॉक्टर, मोठं नाव, परदेशात स्थायिक झालेला आपला मराठी डॉक्टर, अशांसाठी हा रस्ता बेस्ट आहे, आणि जज समोर असल्यामुळे प्रश्नातून प्रश्नही काढता येतो. अडचण कागदांची. क्रॉसमध्ये "हे पान बघा" म्हटलं की त्यांच्याकडे तेच पान हवं, म्हणून नंबर घातलेला पूर्ण संच आधी पाठवा आणि दोन्ही बाजूंनी त्यावर सही करा. एक्स-रे, एमआरआयच्या मूळ फाइली पाठवा, मोबाइलने काढलेल्या फोटोवर कुठलाही रेडिओलॉजिस्ट शपथेवर मत देणार नाही आणि देऊही नये. समोरचा साक्षीदार व्हिडिओवर असेल तर खोलीत दुसरं कोण आहे ते बघायला तिकडे कोऑर्डिनेटर हवाच, हा आग्रह सोडू नका. नेट मध्येच गेलं तर साक्ष तुटते, आणि तुटलेल्या वेळात साक्षीदाराला फोन येऊ शकतो, त्यामुळे तुटल्याची वेळ रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत, लिहून घ्या.

मेडिकल बोर्ड

लोकांना वाटतं सिव्हिल हॉस्पिटलच्या किंवा ससूनसारख्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या समितीचं मत मागवलं की विषय संपला. फुकट आणि तटस्थ, म्हणून मोह होतो. पण बोर्डाचं मत अनेकदा चार ओळींचं येतं, "उपचारात हलगर्जीपणा आढळून येत नाही", कारण काही नाही. रमेश चंद्र अगरवाल विरुद्ध रिजन्सी हॉस्पिटल या २००९ च्या निकालाचा आधार इथे घ्या, तज्ज्ञाने आधार आणि कारणं कोर्टापुढे ठेवायची असतात, नुसता निष्कर्ष देऊन भागत नाही, आणि मत हा सल्ला आहे, कोर्टावर बंधनकारक नाही. मत विरुद्ध आलं तर बोर्डाच्या एका सदस्याला तपासू द्या असा अर्ज करा, निदान प्रश्नावली तरी द्या. काहीच न करता गप्प बसलात तर त्या चार ओळी निकालात जशाच्या तशा उतरतात.

बोर्डाच्या मताशिवाय तक्रार चालवताच येत नाही असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. २००९ च्या मार्टिन डिसूझा निकालात तसं म्हटलं होतं, पण २०१० ला व्ही. किशन राव प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ते बंधनकारक मानलं नाही. त्या केसमध्ये मलेरियाच्या पेशंटवर टायफॉइडचे उपचार झाले होते, आणि प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञ लागतोच असं नाही, असं कोर्ट म्हणालं. पोटात कापूस राहिला, उजव्याऐवजी डाव्या बाजूला चिरलं, अशा ठिकाणी आधी कागद बोलतात. पण सेप्सिस (शरीरभर पसरलेला जंतुसंसर्ग) वेळेत ओळखला का, सिझेरियनला उशीर झाला का, यात तज्ज्ञाशिवाय उभं राहू नका, किशन राव निकालाच्या भरवशावर तर मुळीच नाही.

मग निवडायचं काय?

माझं ठाम मत आहे की आपल्या डॉक्टरसाठी आणि समोरच्या डॉक्टरसाठी एकच पद्धत मागायची नाही. लोक तसंच करतात, आपला ॲफिडेव्हिटवर तर त्यांचाही ॲफिडेव्हिटवर, दोघांना सारखं. पण काम वेगळं आहे. आपल्या डॉक्टरने खरं आणि कारणांसकट मत द्यायचंय, त्याला शांत जागा आणि ठरलेली वेळ लागते, म्हणून त्याच्यासाठी ॲफिडेव्हिट, आणि समोरच्याने क्रॉस मागितली तर कमिशनर किंवा व्हिडिओ. समोरच्या डॉक्टरच्या मतात जिथे फट आहे तिथे मला लगोलग पुढचा प्रश्न विचारायचाय, तिथे लेखी प्रश्नावली त्याचं रक्षण करते, माझं नाही. म्हणून त्याच्यासाठी समक्ष किंवा व्हिडिओ मागा, खर्च आपल्यावर आला तरी. आयोग नाही म्हणू शकतं, म्हणून अर्जात मोघम "उलटतपासणी आवश्यक आहे" लिहू नका, कुठल्या पानावरच्या कुठल्या नोंदीबद्दल लेखी उत्तर पुरणार नाही ते दोन-तीन मुद्द्यांत लिहा.

याला अपवाद म्हणजे वाद मुळात कागदाचाच असेल तेव्हा. नोंद आहे की नाही, संमतीपत्रावर सही कुणाची, औषधाचा डोस किती, एवढंच विचारायचं असेल तर नीट लिहिलेली प्रश्नावली पुरते, उगाच वर्ष घालवू नका. दोन वर्षांनी मिळालेल्या उत्तम क्रॉसपेक्षा आठ महिन्यांत मिळालेला निकाल विधवा बाईच्या जास्त कामाचा असतो, हे मी वकील असूनही म्हणते.

ताईंना मी सांगितलं, सर्जनसाहेबांना कोर्टात आणायचं नाही. त्यांचं मत आता सहा ओळींचं आहे, ते आधी मोठं करून घ्या, कुठले कागद पाहिले, साधारण कुशल सर्जनने त्या रात्री काय केलं असतं, इथे काय झालं नाही, आणि ते झालं असतं तर जीव वाचण्याची शक्यता होती का, हे चारही मुद्दे त्यांच्या शब्दांत, पान नंबरासकट. चौथा मुद्दा सगळे विसरतात आणि तिथेच केस पडते, चूक सिद्ध होते पण चुकीमुळे मृत्यू झाला हे सिद्ध होत नाही. त्यांची पदवी, अनुभवाची वर्षं, अशी किती ऑपरेशन्स स्वतः केली, हे सुरुवातीलाच लिहायचं. समोरच्यांनी क्रॉस मागितली तर त्यांच्या घरी कमिशनर, संध्याकाळी पाच नंतर, असा अर्ज माझ्याकडे तयार आहे. हॉस्पिटलच्या तज्ज्ञासाठी मात्र व्हिडिओचा अर्ज वेगळा, त्यात नर्सिंग चार्टचे तीन मुद्दे.

आणि हे दोन्ही अर्ज पुरावा बंद केल्याची पुरसिस, म्हणजे आमचा पुरावा संपला असं कोर्टाला लिहून द्यायचा कागद, द्यायच्या आधी. पुरसिस गेल्यावर अर्ज दिला की समोरचे पहिला आक्षेप तोच घेतात, आणि बऱ्याचदा तो मान्य होतो.